थोडं मळा, गार ठेवा: पायच्या पारीबद्दल वाचकांचे प्रश्न

एप्रिलच्या अंकात चार माणसांपुरत्या आंबा-पायची कृती दिली होती. १५ सेंटिमीटरचा टिन आणि पारीसाठी १०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम बटर, २५ ते ३० मिली बर्फाचं पाणी, चिमूटभर मीठ. सारणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, सगळी पत्रं पारीवर. फाटली, आक्रसली, बटर गळलं, बूड ओलं राहिलं. साहजिकच आहे. ही पारी मुळात थंड मुलखातली. तिथल्या ओट्यावर लोणी तासभर घट्ट राहतं, आपल्याकडे मे महिन्यात पुडी उघडेपर्यंत बोटं रुतायला लागतात. पुढची उत्तरं मी किनाऱ्यावरचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. माझं मालवणच्या बाजूला आहे, कौलारू, खिडकी पश्चिमेला. महाबळेश्वरच्या वाचकांनी त्यातली अर्धी काळजी सोडून दिली तरी चालेल.

मुलाच्या वाढदिवसाला पाच टिन करायचे म्हणून सगळं माप पाचपट घेतलं. पीठ आधी भुरभुरीत झालं, मग एकदम तेलकट. लाटताना पोळपाटाला चिकटून फाटलं. कृतीत काही राहिलं का? (देवगड)

कृतीत काही राहिलं नाही, तुम्ही माप वाढवलंत तिथं घोटाळा झाला. अर्धा किलो मैद्यात ३०० ग्रॅम बटर हातानं मोडायला पंधरावीस मिनिटं सहज जातात. तेवढ्यात पहिलं मोडलेलं बटर वितळून मैद्यात मुरतं आणि शेवटचं अजून खड्यासारखं असतं. १०० ग्रॅमचा गोळा मात्र पाच मिनिटांत हातावेगळा होऊन परत फ्रीजमध्ये जातो. म्हणून पाच टिनांसाठी पाच वेळा १०० ग्रॅमचं करा. कंटाळवाणं वाटेल, पण एक गोळा फ्रीजमध्ये विसावतो तोवर दुसरा होतो. आपल्या हवेत मोठ्या प्रमाणापेक्षा छोटं प्रमाण सोपं पडतं, हे मी आग्रहानं सांगते.

आता हाताचं काम नीट सांगते, कारण कृतीत जागेअभावी ते दोन ओळींत उरकलं होतं. सकाळी चहाच्या आधी करा. मैदा रात्रीच घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. बटरचे सुपारीएवढे तुकडे करून ते पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. मीठ लावलेलं पिवळं बटर असेल तर वरून मीठ घालू नका. मैद्यात तुकडे टाकले की फक्त बोटांच्या टोकांनी चिमटीत दाबून चपटे करत जायचं. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो. कुणाचे हात उपजतच गरम असतात, त्यांनी गोठवलेलं बटर सरळ खोबऱ्याच्या किसणीवर किसून मैद्यात काट्यानं मिसळावं.

थांबायचं कधी? सगळं रव्यासारखं एकसारखं दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला. काही तुकडे तूरडाळीएवढे, काही पावट्याच्या दाण्याएवढे राहायला हवेत, मैद्यानं माखलेले पण आतून पिवळे. मग बर्फाचं पाणी चमच्याचमच्यानं शिंपडा आणि मुठीत दाबून बघा. मुटका वळला आणि बोटानं टोचल्यावर दोन-तीन मोठ्या तुकड्यांत मोडला, की पाणी पुरे. कणकेसारखा गुळगुळीत गोळा करण्याचा मोह आवरा. ओबडधोबड गोळा चपटा करून गुंडाळायचा आणि तासभर फ्रीजमध्ये. लाटताना पारीत पिवळे ठिपके आणि ओघळ दिसले पाहिजेत, कारण पापुद्रे तिथंच सुटणार असतात.

एक गोष्ट थंड देशातल्या कृतींमध्ये सापडत नाही, ती लक्षात ठेवा. ‘भांडंही गार करा’ असा सल्ला सगळे देतात. आपल्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या भांड्यावर मिनिटाभरात दव धरतं आणि ते पाणी मैद्यात उतरतं. गोळ्याचंही तेच, उघडा ठेवलात की त्याला घाम फुटतो आणि वरून चिकट होतो. भांडं गार करायचंच असेल तर बाहेर काढून कोरड्या फडक्यानं आतून पुसा. गोळा पोळपाटाशी आल्यावरच उघडा आणि लगेच वरून मैदा भुरभुरवा.

करंजीला आम्ही कडकडीत तुपाचं मोहन घालतो, पारी खुसखुशीत होते. मग पायला थंड बटरचे हे नखरे कशाला? सून म्हणते तसंच करायचं, मी म्हणते गरज नाही. (गुहागर)

सासू-सुनेच्या भांडणात मी पडणार नव्हते, पण प्रश्न इतका चांगला आहे की या अंकातली सर्वांत जास्त जागा त्यालाच देते. काकू, तुमचंही बरोबर आणि तिचंही. दोघींना हव्या असलेल्या पाऱ्या मात्र वेगळ्या आहेत.

कडकडीत मोहन पातळ असतं, त्यामुळे ते मैद्याच्या कणाकणाला लागतं. तूप लागलेल्या कणापर्यंत पाणी नीट पोचत नाही, पिठाला चिवटपणा देणारं ग्लुटेन कमी तयार होतं आणि पारी दाताखाली चुरते. हा खुसखुशीतपणा. तुमच्या मोहनाच्या मैद्याची पारी टिनमध्ये लावून भाजलीत तर ती उत्तम लागेल, नानकटाईच्या जातीची. ओल्या खोबऱ्याच्या किंवा काजूच्या सारणाला मला तीच आवडते.

थंड बटरच्या पारीत बटर मुद्दाम कणाकणाला लागू द्यायचं नसतं. ते तुकड्यातुकड्यानं राहतं, लाटताना त्याच्या चपट्या चकत्या होतात आणि चकत्यांच्या वर-खाली मैद्याचे पातळ थर येतात. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणीच. गरम ओव्हनमध्ये बटर वितळतं, त्या पाण्याची वाफ होते आणि ती वरचा थर उचलते. तिथं पापुद्रा सुटतो. बटर आधीच वितळून मैद्यात मुरलं तर उचलायला काही उरत नाही. सुनेच्या नखऱ्यांचं कारण एवढंच.

आणि पापुद्रे आपल्याला नवे थोडेच आहेत? साट्याच्या करंज्या आणि चिरोटे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले करत असाल. पोळीवर तूप आणि तांदळाच्या पिठाचा फेटलेला साटा फासायचा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा. तिथं थर आपण हातानं रचतो, इथं ते बटरच्या तुकड्यांवर सोडून देतो. म्हणून तुम्हाला सुचवते की मे महिन्यात, फ्रीज धड गार होत नसेल तेव्हा, पायला सरळ साट्याची पारी करा. १०० ग्रॅम मैद्यात चमचाभर तूप चोळून लागेल तसं साध्या पाण्यानं पुरीइतकं घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. ३५ ग्रॅम घट्ट तूप आणि १५ ग्रॅम तांदळाचं पीठ पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटा. तीन पातळ पोळ्या लाटून साटा लावत एकावर एक ठेवा. चिरोट्यासारखी गुंडाळी मात्र करू नका. चळत तशीच चौपदरी दुमडून थोडी विसावू द्या आणि टिनएवढी लाटा. गुंडाळी केली तर पदर उभे येतात आणि सारणाचा रस त्यांतून खाली झिरपतो. आडव्या पदरांतून तो सहजी उतरत नाही. १९० अंश सेल्सिअसला भाजा. बटरचा सुवास येत नाही आणि पारी थोडी कडक होते, पण तापलेल्या स्वयंपाकघरातही हमखास जमते. सून बटरची करेल, तुम्ही साट्याची करा, एकाच दिवशी दोन्ही खाऊन बघा.

याच पत्रात खाली विचारलं आहे की बटरऐवजी घरचं तूप त्याच कृतीत चालेल का. चालेल, पण तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. म्हणून ६० ग्रॅम बटरच्या जागी ५० ग्रॅमच घ्या, पाणी दोन लहान चमचे वाढवा, आणि तूप फ्रीजमध्ये दगडासारखं थिजवून चमच्यानं खरवडून घाला. वाफेला बटरमधलं पाणी नसल्यानं पापुद्रे कमी सुटतात. खोबरेल तेलाचं विचाराल तर ते २४ अंशांच्या वर पातळच राहतं. आपल्याकडे थंडीतल्या एखाद्या पहाटेखेरीज ते थिजतं कुठं?

मी शिकायला खोली घेऊन राहते. ओव्हन नाही, टिन नाही, फ्रीज घरमालकीणकाकूंचा. तरी होईल का? (रत्नागिरी)

होईल गं. टिन नको म्हणून कडा दुमडून केलेला कर. पारी ताटलीएवढी लाट, मधोमध सारण ठेव, भोवती तीन बोटं जागा सोड आणि कडा चुण्या घालत आत दुमड. दिसायला गावठी दिसतो, चवीला कुठंही कमी नाही.

भाजायला जुनी जाड कढई घे. तळाशी दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर कडं, घट्ट झाकण. मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापव आणि मग पाय ठेवलेली लहान अॅल्युमिनियमची ताटली आत सोड. चाळीस मिनिटं तरी लागतील. कढईत आच खालून येते, त्यामुळे बूड छान खरपूस होतं आणि वरचा भाग फिकट राहतो. म्हणून सारण आधीच शिजवलेलं हवं, कच्ची फळं नकोत. कुकर कोरडा तापवू नकोस, खराब होतो. काकूंच्या फ्रीजमध्ये एक डबा ठेवायची परवानगी माग आणि पहिला तुकडा त्यांना दे.

भाजल्यावर पारी आक्रसून टिनच्या अर्ध्यावर येते. मध्ये फुगते ती वेगळीच. (वेंगुर्ले)

तुम्ही पारी ओढून बसवता. लाटताना कमी पडली की कडा ताणून टिनपर्यंत आणायची सवय सगळ्यांनाच असते, पण ताणलेलं ग्लुटेन ओव्हनमध्ये परत जागेवर जातं. १५ सेंटिमीटरच्या टिनला पारी २२ सेंटिमीटरची लाटा, लाटण्यावर गुंडाळून टिनवर सोडा आणि कडा उचलून कोपऱ्यात आपोआप उतरू द्या. मग टिनसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. गोळ्याला एकदा आणि लाटलेल्या पारीला एकदा अशी दोनदा विश्रांती लागते.

फुगू नये म्हणून काट्यानं टोचा, वर बटरपेपर घाला आणि त्यात कडवे वाल भरा, अगदी कडेपर्यंत. काठाला टेकू मिळाला की तो खाली घसरत नाही. २०० अंशांना पंधरा-अठरा मिनिटं, मग कागद-वाल काढून आणखी सहा-सात मिनिटं, तळ कोरडा आणि बदामी होईपर्यंत. ते वाल पुन्हा भिजवून बिरड्याला घेऊ नका, शिजत नाहीत. एका बरणीवर चिठ्ठी लावून ते याच कामाला ठेवा.

हापूसचा रस घातला आणि तासाभरात बूड भिजून लगदा. आमचा आंबा रायगडचा, रत्नागिरीचा नाही, म्हणून तर असं होत नसेल? (अलिबाग)

शेजारीण रत्नागिरीची दिसते! हापूसला २०१८ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघरही आहेत. आंब्याचा दोष नाही, रस कच्चा घातलात. २०० ग्रॅम रसात १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर गार असतानाच कालवा, साखर चवीपुरती, आणि मंद आचेवर ढवळत राहा. घट्ट झालं की लगेच उतरवू नका, बुडबुडे फुटायला लागल्यावर मिनिटभर शिजवा. अर्धकच्चं कॉर्नफ्लोअर नंतर पाणी सोडतं. सारण पूर्ण गार आणि पारी पूर्ण गार, मगच भरा. दोन्हींतलं एक जरी गरम असलं तरी वाफ आतल्या आत कोंडते.

अंडं चालत असेल तर भाजलेल्या पारीला आतून पांढऱ्या बलकाचा हात फिरवून दोन मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. चालत नसेल तर तळाला काजूची जाडसर भरड चमचाभर पसरा, ती ओल शोषून घेते. फोडी वर सजवायच्या त्या वाढताना. टिन काचेचा असेल तर बदला. पातळ, गडद रंगाच्या पत्र्याच्या टिनमध्ये बूड लवकर भाजतं. टिन ओव्हनच्या खालच्या खणात ठेवा.

आमची न्याहारी-निवासाची सोय आहे. पावसात पाहुणे दोन-चारच असतात. त्यांना संध्याकाळी चहाबरोबर काही तिखट द्यावं म्हणतो. पण वीज जाते, मैदा सादळतो. गोळा आधी करून ठेवता येईल का? (दापोली)

येईल, पण गोळा ठेवू नका, पारी ठेवा. लहान टिनांत पाऱ्या लावून तशाच फ्रीझरमध्ये गोठवा. एकदा दगड झाल्या की टिनमधून काढून एकावर एक, मध्ये कागद घालून डब्यात भरा. पाहुणे आले की गोठलेलीच पारी परत टिनमध्ये बसवायची आणि थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. महिनाभर नीट राहतात. वीज गेली तर फ्रीझर उघडूच नका, भरलेला फ्रीझर बराच वेळ गार राहतो. पाऱ्या मऊ पडल्याच तर पुन्हा गोठवत बसण्यापेक्षा सगळ्या कोऱ्या भाजून हवाबंद डब्यात ठेवा, तीन-चार दिवस टिकतात. पावसाळ्यात खाण्यापूर्वी पाच मिनिटं परत गरम करा, नाहीतर त्या सादळतात.

बंदरावरून मासळीसाठी आणलेला बर्फ डब्याभोवती रचायला चालेल. पारीच्या पाण्यात तो घालायचा नाही, तो खाण्याचा बर्फ नव्हे.

पावसात मैदा हवेतली ओल धरतो, म्हणून २५ मिलीऐवजी २० मिलीपासून सुरुवात करा. आणि तिखटाला सोड्यांचं सुकं करा की! मासेमारीची बंदी असते, ताजी कोलंबी कुठून आणणार? सोडे भिजवून, कांदा-खोबरं-तिरफळ घालून अगदी कोरडे परतायचे. चमचाभर आमसुलाचं पाणी शेवटी, तेही आटवून. रस राहिला तर अलिबागच्या बाईंसारखी गत होईल. मुंबई-पुण्याचे पाहुणे याला हमखास परत मागतात.

पारीला बांगड्याचा वास आला. हसू नका. (मालवण)

हसत नाही, आपल्या बाजूच्या घराघरांत फ्रीज एकच आणि मासळी त्यातच. लोणी, बटर आजूबाजूचा वास फार पटकन ओढतं. पुडीचा कागद पुरत नाही, झाकणाला रबर असलेल्या काचेच्या डब्यात ठेवा. गोळासुद्धा तसाच. वास लागलेलं बटर फेकू नका, सोड्यांच्या पारीला वापरा.

मैद्याऐवजी कणीक चालेल? (कणकवली)

निम्मी-निम्मी चालेल. कणीक जास्त पाणी पिते, म्हणून पाच-सात मिली वाढवा आणि गोळा दीड तास ठेवा. पूर्ण कणकेची पारी जड होते, मला आवडत नाही. त्यापेक्षा १०० ग्रॅम मैद्यातला १५ ग्रॅम काढून तांदळाचं पीठ घाला. त्यात ग्लुटेन नसतं, पारी कुरकुरीत होते आणि आपल्या घरात ते कधी संपत नाही.

वजनकाटा नाही. वाटीनं माप सांगाल का? (सावंतवाडी)

नाही सांगणार. तुमची वाटी आणि माझी वाटी एक नाही. तीच वाटी दाबून भरली की मैदा वाढतो आणि १०० ग्रॅमच्या कामात वीस ग्रॅमचा फरक म्हणजे दुसरीच पारी. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. तोवर नवी १०० ग्रॅमची बटरची पुडी आणून तिचे पाच सारखे भाग करा आणि तीन घ्या, ते झाले ६०. मैदा किराणावाल्याकडून १०० ग्रॅमच्या पुड्या बांधून आणा. तो कुरकुरेल, बांधून देईल.

अंड्याशिवाय वरून रंग कसा आणायचा? (राजापूर)

गार दुधात किंचित साखर विरघळवून कडांना एकच हात फिरवा, ओघळ आत सारणात जाऊ देऊ नका. साय लावू नका, जिथं जाड बसते तिथं काळे डाग पडतात. शेवटची पाच मिनिटं ओव्हनची वरची दांडी चालू ठेवा आणि समोरून हलू नका.